फुगा फुगला म्हणजे प्रोबायोटिक खरं, असं समजू नका

तळ्यात तिलापिया वाढवणाऱ्या आणि खाद्यात प्रोबायोटिक, म्हणजे माशांना फायद्याचे जिवंत सूक्ष्मजीव, मिसळायच्या विचारात असलेल्या प्रत्येकासाठी हे लिहितोय. मला जे विकलं गेलं, ते आजही नव्या नावाच्या पाकिटात विकलं जातंय.

विक्रेता आला तेव्हा बोटुकल्या, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, नुकत्याच सोडल्या होत्या. त्यानं बाटलीत कोमट पाणी घेतलं, मळी ओतली, चमचाभर पावडर टाकली आणि बाटलीच्या तोंडावर फुगा बसवला. "सकाळी बघा," एवढंच म्हणाला. सकाळी फुगा टम्म फुगलेला, पाण्यावर बोटभर फेस, आंबूस वास. "आता सांगा, जिवंत आहे की नाही?"

जिवंत होतं, पण ते होतं यीस्ट. साखर आणि ऊब मिळाली की यीस्ट रात्रभरात कार्बन डायऑक्साइड सोडून फुगा फुगवतं. पाकिटावर छापलेले बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हे जिवाणू आत आहेत की नाहीत, याचा त्या फुग्याशी काडीचा संबंध नाही. यीस्टही माशांना देतात आणि त्याचा उपयोगही होतो. पण बॅसिलसच्या भावानं यीस्ट गळ्यात मारणं ही सरळ लूट आहे.

पाकिटावर 'अब्जावधी जिवाणू' असं ठळक छापलेलं होतं. एका ग्रॅममध्ये, किलोत की अख्ख्या पाकिटात, ते कुठेच नाही. खऱ्या मालावर जिवाणूंची नावं असतात आणि दर ग्रॅमला किती सीएफयू, म्हणजे वसाहत करू शकणारे किती जिवंत जिवाणू, तो आकडा असतो. बॅच क्रमांकाच्या जागी इथे पुसट निळा शिक्का होता. तपासणी अहवाल मागितला की "कंपनीकडून निघालाय" हे ठरलेलं उत्तर मिळायचं.

त्याच विक्रेत्याकडे 'लॅक्टोबॅसिलसयुक्त' तयार गोळी खाद्यही होतं. गोळी खाद्य वाफेच्या उष्णतेत दाबून बनतं. त्या उष्णतेत बॅसिलसचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्यांची सुप्त रूपं, बऱ्याच अंशी तग धरतात, लॅक्टोबॅसिलस (दह्यात असतात तसले जिवाणू) मात्र बहुतेक मरून जातात. म्हणून असे नाजूक जिवाणू गोळी थंड झाल्यावर तेलातून किंवा बाइंडरमधून (चिकटवणाऱ्या पदार्थातून) तिच्यावर चढवतात आणि ती सावलीत वाळवतात. त्याच्या कारखान्यात हे कधी करतात, असं विचारल्यावर त्यानं विषयच बदलला.

सगळ्यात घातक होता त्याचा सल्ला. "हे वापरलं की पाणी बदलायला नको, रात्री एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद ठेवला तरी चालेल. आंबवलेलं पाणी थेट तळ्यात ओता." मी त्याचं ऐकलं. मळी पाण्यात गेली की तळ्यातले जिवाणू ती खायला लागतात आणि त्यासाठी विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. त्यात रात्री शेवाळही ऑक्सिजन घेतं, त्यामुळे पहाटेच्या सुमारास तो सर्वांत खाली जातो. एका पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत होते. उजाडेपर्यंत काठाला मेलेल्या माशांचा थर लागला. पाणी तपासायच्या किटवर अमोनियाही वाढलेला दिसला, आणि दुपारी पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

वाचलेल्या माशांच्या अंगावर पुढे लाल चट्टे उठले. तक्रार केली तर 'जास्त पॉवरचं' दुसरं पाकीट हातात पडलं आणि चट्टे खरंच सुकू लागले. इथेच शंका आली. दोन्ही पाकिटं प्रयोगशाळेत दिली.

तिथे नमुना टप्प्याटप्प्यानं दहापट पातळ करून अगार प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या बशीवर, पसरतात आणि उगवलेल्या वसाहती मोजतात. बॅसिलससाठी तोच नमुना आधी 80 अंश सेल्सिअसला 10 मिनिटं तापवतात. बाकीचे जिवाणू आणि यीस्ट मरतात, बीजाणू उरतात. पहिल्या पाकिटाच्या न तापवलेल्या प्लेटवर यीस्टच्या पांढुरक्या वसाहती भरगच्च उगवल्या, तापवलेली प्लेट जवळपास कोरी राहिली. दुसऱ्या पाकिटात ऑक्सिटेट्रासायक्लिन सापडलं. प्रोबायोटिक म्हणून प्रतिजैविक! ते दिल्यावर ठरावीक काळ मासे विकता येत नाहीत, नाहीतर त्याचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. काढणीला आलेला माल थांबवावा लागला, त्याचा संताप अजून जात नाही.

अहवाल दाखवल्यावर विक्रेता म्हणाला, "तुम्ही साठवण नीट केली नसेल." पण बॅसिलसचे बीजाणू कोरड्या जागी दीर्घकाळ टिकतात, म्हणून तर ते खाद्यात वापरतात.

चांगलं प्रोबायोटिक पचनाला आणि रोगप्रतिकाराला मदत करतं, हे मी नाकारत नाही. पण एरेटरची आणि पाण्याच्या तपासणीची जागा ते घेत नाही. विकणाऱ्याकडे त्याच बॅचचा अहवाल मागा. तो नसेल तर अख्ख्या तळ्यात काही टाकू नका. एका टाकीत द्या, शेजारच्या टाकीत तेवढेच मासे त्याशिवाय ठेवा, दोन्हींना खाद्य मोजून घाला आणि वजनं घ्या. प्रत्येक पाकिटातली मूठभर पावडर तारीख लिहून हवाबंद डबीत ठेवा, सोबत पावतीही. माझ्याकडे पाकिटं शिल्लक होती म्हणूनच तक्रार दाखल करता आली. तिचा निकाल अजून लागायचा आहे.