टिळकवाडीतील सामायिक कार्यालय : सहा महिन्यांचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांसाठी पॅटर्नचे, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात त्या लाकडी नमुन्याचे, आराखडे करणारा आमचा पाच जणांचा गट गेले सहा महिने टिळकवाडीतील एका सामायिक कार्यालयात बसतो. भाडे माणशी दरमहा साडेचार हजार रुपये आहे. वीज, इंटरनेट आणि जनरेटर त्यातच येतात. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार बैठकव्यवस्थेची आहे. सुरुवातीला आम्हाला तीन टेबले तळमजल्यावर आणि दोन वरच्या मजल्यावर मिळाली, मध्ये अठरा पायऱ्यांचा जिना. बिडाचे ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आकसते, पोलादाचे दोन टक्के; म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरावा लागतो. वर बसलेल्या नव्या सहकाऱ्याने पोलादी हाउसिंगलाही (यंत्राच्या बाहेरच्या कवचालाही) बिडाचाच हिशेब लावला. त्याला शंका आली होती, पण ती विचारायला जिना उतरण्याऐवजी त्याने व्हॉट्सॲपवर टाकली आणि मी ती जेवणानंतर पाहिली, तोवर आराखडा मिस्त्रींकडे पोहोचला होता. त्यांनी फोन करून विचारले म्हणून लाकूड वाचले. टेबलांमधले अंतर वाढते तसे अभियंत्यांचे आपसातले बोलणे झपाट्याने घटते आणि पन्नासेक मीटरपलीकडे नाममात्र उरते, हे अमेरिकेतील एमआयटीच्या टॉमस ॲलन यांनी १९७७ मध्येच मांडले होते. आम्हाला अठरा पायऱ्याच पुरल्या.

तीन आठवडे पाठपुरावा केल्यावर पाचही टेबले खाली एकत्र मिळाली. दालन मात्र पूर्ण उघडे आहे आणि जो तो कानाला हेडफोन लावून बसतो. हार्वर्डचे संशोधक बर्नस्टाइन आणि टर्बन यांनी दोन कंपन्यांच्या मुख्यालयांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात उघड्या मांडणीनंतर समोरासमोरचे बोलणे सुमारे सत्तर टक्क्यांनी घटलेले आढळले. आमच्या दालनात बसल्यावर त्याचे नवल वाटत नाही.

खरी बोलती जागा म्हणजे चहाचा बोळ. तो इतका अरुंद आहे की एकाने अंग चोरल्याशिवाय दुसरा पुढे जात नाही आणि त्यामुळेच ओळखी होतात. महापालिकेची कन्नड नोटीस शेजारच्या कर सल्लागाराने कप हातात धरूनच आम्हाला समजावून दिली.

एकट्याने काम करणाऱ्यास वरचा मजला उत्तम आहे. गटाने मात्र ‘सर्व टेबले एकाच मजल्यावर’ असे करारात लिहून घ्यावे. आता प्रत्येक मजल्यावर चहाचे यंत्र बसवून तो बोळ बंद करण्याचा व्यवस्थापनाचा विचार आहे. तसे झाले तर मुदत वाढवण्याआधी मी दुसरी जागा पाहणार आहे.