आधी वेनीटा, मग कॉर्नेल

भाच्याचा मेसेज आला : ‘मामा, ग्रेटफुल डेड ऐकायचं म्हणतोय. एक कॉन्सर्ट सांग. एकच. यादी पाठवू नकोस.’

शेवटचं वाक्य त्याने अनुभवातून लिहिलं होतं.

ग्रेटफुल डेड म्हणजे अमेरिकेतला जुना रॉक बँड. मी ‘कॉर्नेल’ असं टाइप केलं आणि थांबलो. जगात कुणालाही विचारा, बहुतेकदा हेच उत्तर मिळतं. ८ मे १९७७, न्यूयॉर्क राज्यातलं इथाका गाव, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. उत्तर चूक नाही. पण हा मुलगा सहा-सात वर्षं तबला शिकलेला, लहानपणी सवाईच्या मांडवात भारतीय बैठकीवर आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला. त्याला अर्धा तास चाललेल्या एका रागाची भीती वाटत नाही, रॉकच्या गिटारची थोडी वाटते. अशा माणसाला आत न्यायचं तर कुठल्या दारातून, हा प्रश्न वेगळा आहे.

स्टुडिओतल्या रेकॉर्डपासून सुरुवात करू नये, एवढं आधीच सांगून टाकतो. ‘डार्क स्टार’ हे यांचं गाणं १९६८ मध्ये छोट्या तबकडीवर आलं तेव्हा पावणेतीन मिनिटांचं होतं. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये तेच तेवीस मिनिटं चाललं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये एकतीस. बंदिश तीच, बाकी सगळी बढत. १९६५ ते १९९५ या काळात या मंडळींनी तेवीसशेच्या वर कार्यक्रम केले आणि त्यातल्या बहुतेकांच्या टेपा कुणी ना कुणी जपून ठेवल्या. म्हणून इथे ‘कुठला अल्बम?’ असं कुणी विचारत नाही, ‘कुठली तारीख?’ असं विचारतात.

तर माझ्यासमोर खऱ्या अर्थाने दोन तारखा होत्या. आणखी दोन आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो.

कॉर्नेलपासून सुरुवात करतो, कारण तिचा दावा सगळ्यात मोठा. बार्टन हॉल म्हणजे काही नाट्यगृह नव्हे. कवायतीचा आणि खेळांचा अवाढव्य हॉल, बाहेर मे महिन्यात बर्फ पडलेला. बँड त्या वसंतात फार घोटून तयार झालेला होता. स्टुडिओत ‘टेरापिन स्टेशन’ या अल्बमचं काम नुकतंच झालं होतं, आणि निर्माते कीथ ओल्सन यांनी दोन्ही ड्रमवाल्यांना शिस्तीत आणलं असं म्हणतात. ते ऐकू येतं. १९७७ चा ठेका गुबगुबीत आहे, सावकाश आहे, कुठे सांडत नाही. बिल क्रॉइट्झमन आणि मिकी हार्ट एकाच माणसाचे चार हात असावेत तसे वाजवतात.

या रात्रीचा कळस सर्वांना पाठ आहे : दुसऱ्या भागाची सुरुवात, ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’. दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांच्या आसपास. ही जोडी तेव्हा दोन महिन्यांचीही नव्हती, मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड हॉलमध्ये पहिल्यांदा जुळवलेली. पहिलं गाणं संपत नाही, विरघळत जातं. गायिका डॉना गॉडशॉ शब्दांवाचून नुसता स्वर लावून धरतात, फिल लेश यांचा बेस हळूच नव्या घराकडे वळतो, आणि आपल्याला कळायच्या आत दुसऱ्या गाण्यात आपण पाय पसरून बसलेले असतो. त्या दुसऱ्या गाण्यात फक्त दोन कॉर्ड आहेत. बँडचे गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया त्या दोन कॉर्डांवर पुन:पुन्हा येतात आणि दर फेरीला वेगळं काही ठेवून जातात. गिटारचा आवाज इथे बदकासारखा किंचित ‘क्वॅक’ करतो. पहिल्यांदा हसू येतं, तिसऱ्यांदा तोच हवा असतो.

इथे एक गोष्ट भाच्याला मुद्दाम सांगितली. ‘फायर ऑन द माउंटन’चं मूळ १९७६ च्या ‘दिगा’ या तबकडीत आहे. मिकी हार्ट आणि आपले झाकीरभाई यांच्या दिगा रिदम बँडची ती तबकडी. तिथे ही धून शब्दांशिवाय आहे, तबला आणि इतर तालवाद्यांच्या गर्दीत. म्हणजे कॉर्नेलची सगळ्यात नावाजलेली पंधरा मिनिटं झाकीरभाईंच्या माहीमच्या घरापर्यंत मागे नेता येतात. तबला शिकलेल्या पोरासाठी हा मोह लहान नव्हता.

आणि शेवटचं ‘मॉर्निंग ड्यू’. अणुयुद्धानंतरच्या निर्जन सकाळचं गाणं. सुरुवात जवळजवळ पुटपुटल्यासारखी. मग शेवटाकडे गार्सिया सुटे स्वर सोडून कॉर्ड झपाट्याने छेडू लागतात, उजवा हात दिसेनासा व्हावा इतक्या वेगाने. सतारीचा झाला ज्याने ऐकलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग अडलं कुठे?

अडलं ते पहिल्या भागात. कॉर्नेलचा पूर्वार्ध नीटनेटका आहे, एवढंच. अकरा-बारा गाणी येतात, बरी होतात, जातात. नवा माणूस ओळीने ऐकायला बसला तर तासभर त्याच्या हाती एक चांगला अमेरिकन वाद्यवृंद लागतो, आणि ‘यासाठी लोक गावोगाव मागे हिंडायचे?’ असा प्रश्न पडतो. कॉर्नेलच्या कीर्तीत रेकॉर्डिंगचा वाटाही मोठा आहे. बेटी कँटर-जॅक्सन यांनी मिक्सरवरून घेतलेली ही रिळं इतकी स्वच्छ की हौशी लोकांत ‘बेटी बोर्ड्‌स’ हे विशेषनामच झालं. त्यांच्या टेपांचा साठा ज्या गोदामात होता त्याचं भाडं थकलं, १९८६ मध्ये तो लिलावात गेला आणि मग प्रतींवर प्रती निघत राहिल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादीत ही रात्र घेतली, तरी बँडतर्फे अधिकृतपणे ती निघायला २०१७ उजाडलं. जाणकारांत एक गट असा आहे की त्याला दुसऱ्या दिवशीची, ९ मेची बफेलोची मैफल जास्त आवडते. मी त्या गटात अधूनमधून बसतो.

आता वेनीटा. २७ ऑगस्ट १९७२, ओरेगन राज्यातलं माळरान. लेखक केन केसी यांच्या भावाची दुधाची डेअरी आर्थिक अडचणीत होती, तिच्या मदतीसाठी हा कार्यक्रम. तिकिटं चक्क दह्याच्या डब्याच्या लेबलांवर छापलेली, किंमत तीन डॉलर. सावली नाही, पाणी पुरेना, पारा अडतीसच्या वर. या दिवसाची फिल्मही आहे आणि तिच्यात मंचामागच्या खांबावर एक पूर्ण दिगंबर इसम तल्लीन होऊन डोलताना दिसतो. (भाच्याच्या आईबरोबर बघू नये, हेही कळवलं.)

दोष आधी सांगतो, कारण ते लपत नाहीत. उन्हाने तारा उतरतात. गाणी थांबवून पुन्हा सूर जुळवणं चालतं, तरी मधूनच गिटार बेसुरी होते. तीन आवाज एकत्र लागतात तेव्हा एखादा बाहेर जातो. सुरांचा चोखंदळ माणूस इथे कपाळाला आठी घालणार. पण मिकी हार्ट त्या वेळी बँडमध्ये नव्हते. ड्रमवर एकटे क्रॉइट्झमन, आणि त्यामुळे सगळा वाद्यमेळ हलका झालेला. एकच तबलजी असला की गवय्याला वळायला जागा मिळते, तसं. कीथ गॉडशॉ पियानोवर जॅझच्या अंगाने बोलतात. लेश यांचा बेस आधार देत बसत नाही, मुख्य गायकाशी गप्पा मारतो. दोन वेगळे विचार एकाच वेळी पुढे सरकतात आणि एकमेकांना आडवे येत नाहीत, ही या दिवसाची खुबी.

तिसऱ्या भागात दिवस कलायला लागल्यावर ‘डार्क स्टार’ सुरू होतं. एकतीस मिनिटं, त्यात शब्द अगदी थोडे. पहिल्या दहा मिनिटांत फारसं काही ‘होत’ नाही. एक छोटा स्वरसमूह उचलायचा, उलटायचा, खाली ठेवायचा. रॉकच्या श्रोत्याला इथे कंटाळा येतो. ख्यालाच्या श्रोत्याला मात्र घरी आल्यासारखं वाटतं, कारण तो निकालाची वाट बघत नाही, जागेची बघतो. पुढे लय सैल होते, कर्कशही होते, सगळं विस्कटलं असं वाटतं. आणि त्या ढिगातून अचानक ‘एल पासो’ निघतं : घोडा, पिस्तूल, प्रेयसी असलेलं सरळसोट काउबॉय गीत, तीनच्या ठेक्यात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी झाली होती आणि मी गॅस बंद करायला उठलोच नाही. भात खाली लागला.

‘एल पासो’ कॉर्नेललाही आहे. तिथे ते कार्यक्रमातलं तिसरं गाणं. आलं, झालं, टाळ्या. दोन मैफलींमधला फरक मला या एका गाण्यात सापडतो. कॉर्नेलला गाणी नीट मांडून ठेवलेली आहेत, वेनीटाला ती वाटेत भेटतात.

उरलेल्या दोन तारखा. २७ फेब्रुवारी १९६९, फिलमोर वेस्ट : ‘लाइव्ह/डेड’ या अल्बममधलं ‘डार्क स्टार’ आणि ‘सेंट स्टीफन’ या रात्रीचं आहे. अल्बममध्ये त्याला जोडलेलं ‘द इलेव्हन’ मात्र महिनाभर आधीचं, दुसऱ्या हॉलमधलं. शिवण कळतही नाही. ‘द इलेव्हन’ नावाप्रमाणे अकरा मात्रांचं, तीन-तीन-तीन-दोन असं मोजायचं. हार्ट यांच्यावर अल्लारखाँसाहेबांच्या तालविचाराचा मोठा प्रभाव होता, तो इथे हाताला लागतो. आपल्याकडे रुद्र ताल अकराचाच, पण इथली वजनं निराळी पडतात, सम शोधताना मजा येते. ही मंडळी त्या वयात फार आक्रमक वाजवत, डोकं दुखत असेल त्या दिवशी लावू नये. तबलजीसाठी ही दुसऱ्या आठवड्याची गोष्ट.

२९ मार्च १९९०, न्यूयॉर्कजवळचं नासाऊ कोलिझियम, पाहुणे सॅक्सोफोनवर ब्रॅनफर्ड मार्सालिस. तालीम नाही. पूर्वार्धात एका गाण्यापुरते आले, दुसऱ्या भागात शेवटपर्यंत राहिले. जॅझ ऐकणाऱ्याने इथूनच यावं. आवाज झगझगीत, वाद्यं आधुनिक, गार्सिया यांचा गळा थकलेला. कीबोर्डवाले ब्रेंट मिडलँड त्याच जुलैत गेले, हे माहीत असलं की ऐकताना जरा जड जातं.

तारीख ठरली तरी टेप कुठली, हा घोळ उरतो. साउंडबोर्ड म्हणजे मिक्सरवरून थेट घेतलेली. प्रत्येक वाद्य स्वच्छ, पण हॉल गायब, आकाशवाणीच्या स्टुडिओसारखं. ऑडियन्स टेप म्हणजे प्रेक्षकांतल्या कुणीतरी मायक्रोफोन उंच धरून केलेली. तिच्यात शेजाऱ्याची आरोळी येते, छत गुंजतं, बेस थोडा सांडतो. बँडची याला आडकाठी नव्हती. ऑक्टोबर १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवू लागले. संकेत एकच : टेपा विकायच्या नाहीत, अदलाबदल करायची. इंटरनेट आर्काइव्हवर आज दोन्ही प्रकार फुकट ऐकता येतात. ऑडियन्स टेपा बहुधा उतरवूनही घेता येतात, साउंडबोर्ड तिथेच ऐकायच्या. माझं मत असं की पहिली मैफल साउंडबोर्डवर ऐकावी आणि आवडली तर तीच पुन्हा ऑडियन्स टेपवर. उलट केलं तर नवा माणूस घोंगाटाला घाबरून पळतो.

माझी स्वतःची सुरुवात उलटीच झाली. नव्वदीत न्यू जर्सीहून एका मित्राने नव्वद मिनिटांची कॅसेट पाठवली होती, वर निळ्या बॉलपेनने फक्त ‘५/८/७७’. मी ती कितीतरी दिवस पाच ऑगस्ट समजत होतो. प्रतीची प्रतीची प्रत, सारा वेळ पाऊस पडत असल्यासारखी खरखर. ‘फायर ऑन द माउंटन’ संपत येताना बाजू संपायची, खटॅक. आता २०१७ ची स्वच्छ प्रत आहे, तरी त्या जागी आली की माझा हात अजून कॅसेट उलटायला पुढे होतो. म्हणूनच कॉर्नेलबद्दलच्या माझ्या मतावर फार विसंबू नका. त्यात माझं वय मिसळलेलं आहे.

तर हिशेब असा. घरात गाणी लागतात, गुणगुणायला काही हवं, बेसुरं चालत नाही, हातात तासच आहे : कॉर्नेल, आणि तीही दुसऱ्या भागापासून. राग-संगीताचा कान आहे, वाट बघायची सवय आहे, थोडी धूळ अंगावर आलेली चालते : वेनीटा, २०१३ ला निघालेली अधिकृत प्रत. ती सोळा ट्रॅकवरून नव्याने मिसळलेली, उन्हाचं काही करता आलं नसलं तरी आवाज भरदार आहे.

भाच्याला मी ‘वेनीटा. तिसरा भाग. हेडफोन लाव’ एवढंच पाठवलं. स्वतःला शाबासकी दिली, कारण खरंच यादी नव्हती.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी रात्री पावणेबाराला उत्तर आलं : ‘मामा, हे मधेच काउबॉयचं गाणं कुठून उपटलं?’

तिथपर्यंत पोचला होता तर. मी लिहिलं, ‘तेच गाणं कॉर्नेलला तिसरं आहे. आता ते लाव.’