पैसे घेतात वेळेचे, बरोबर निघतं ते अंतर: फ्लाइट ॲपचा सहा महिन्यांचा अनुभव

दोन शहरांमधलं अंतर, विमानाला लागणारा वेळ आणि घड्याळाचा फरक दाखवणारं हे ॲप; काल त्याच्या रिन्यूअलचा मेसेज आला. सहा महिन्यांचे ३४९ रुपये. मी भरणार नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

नोव्हेंबरमध्ये आई एकटी ताईकडे लंडनला गेली. वय ७१, व्हीलचेअर सांगून ठेवलेली. विमान दीड तास उशिरा सुटलं, म्हणजे तिकिटावरची उतरायची वेळ बाद. मी ठाण्यात बसून सुटल्याच्या वेळेत ॲपमधले मुंबई-लंडन प्रवासाचे ८ तास ५९ मिनिटं मिळवले आणि ताईला कळवलं. ती त्याप्रमाणे हीथ्रोवर जाऊन उभी राहिली. विमान उतरलं सव्वादहा तासांनी. मधल्या वेळात ताईचा दर दहा मिनिटांनी फोन, ‘अरे, अजून कसं नाही?’ आणि माझ्याकडे उत्तर नाही. तो सव्वा तास मी विसरणार नाही.

कस्टमर केअरला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तोच मजकूर: आमची माहिती अचूक आहे.

मग अंतरावरचाही विश्वास उडाला. ॲप मुंबई ते लंडन ७,२१२ किलोमीटर दाखवतं. मुलाचा पृथ्वीगोल घेतला, शिवणाच्या डब्यातला दोरा ताणून धरला आणि पट्टीवर मोजला: १४ सेंटिमीटर. विषुववृत्ताचा फेरा ७८ भरला. तो खरा ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे दोऱ्याचे साधारण ७,२०० झाले. अंतर चोख आहे! इथे मी माझं मत बदललं, आणि ॲपचा हा भाग फुकट आहे.

पण तो दोरा कुठून जातो ते बघा. कराची, इराण, कॅस्पियनचा कोपरा, काळा समुद्र, युक्रेन. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना मज्जाव केला. विमान वळसा घेणारच. त्यात साधारण दहा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. लंडनला जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. फेब्रुवारीत आई ८ तास ४० मिनिटांत परत आली. ॲपमध्ये मात्र जातानाही ८:५९ आणि येतानाही ८:५९. ७,२१२ ला ताशी ८५० ने भागा, वर अर्धा तास टाका, नेमका हाच आकडा येतो. हा भागाकार चौथीतलं पोर करेल. त्याचे ३४९ रुपये?

घड्याळाचा फरक दाखवतात ते मात्र छान. मार्चअखेर तिकडची घड्याळं पुढे गेली, तेव्हा साडेपाचचा फरक आपोआप साडेचार झाला. आईने त्यावरूनच ताईच्या फोनची वेळ बदलून घेतली.

दोन स्टार, दोन्ही अंतरासाठी. त्या ८:५९ च्या आधी ‘अंदाजे’ लिहा आणि जायचा-यायचा वेळ वेगळा दाखवा, त्याच दिवशी पैसे भरतो. ऑक्टोबरमध्ये आई परत जाणार आहे. तिच्या डायरीत मी सव्वादहा तास लिहून ठेवलेत.