बिल कॅट-६ कॉपरचं, भिंतीत ॲल्युमिनियम: ऑफिस केबलिंगमधली फसवणूक कशी पकडायची

पुण्यातल्या एका नव्या ऑफिसात ९६ पॉइंटचं केबलिंग झालं. ठेकेदाराने प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून नेट चालवून दाखवलं, फ्ल्यूक (केबल तपासणाऱ्या यंत्राचा ब्रँड) रिपोर्टची पीडीएफ दिली आणि बिल चुकतं झालं. पुढे लांबचे काही कॅमेरे अंधार पडला की बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागले. दिवसा मात्र काही तक्रार नाही. कॅमेरे बदलले, स्विच बदलला, उपयोग शून्य.

फक्त रात्री बिघडणारा पीओई (नेटच्या वायरीतूनच वीज घेणारा) कॅमेरा दिसला, की आधी वायरकडे बघावं. अंधारात त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो आणि वायरचा रेझिस्टन्स जास्त असेल तर व्होल्टेज वाटेतच पडतं. इथे एक आयओ (भिंतीवरचा नेटचा सॉकेट) उघडून तार ब्लेडने खरवडली, तर तांबूस मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम निघालं. हीच ती सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची वायर. वरच्या कव्हरवर छापलेलं होतं ‘कॅट-६’.

ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के. टीआयए-५६८ या केबलिंगच्या मानकात अशी वायर बसतच नाही. पीओईचा भार असलेल्या वायरींचा जुडगा जास्त तापतो, तार दोनचार वेळा वाकवली की तुटते आणि पंच केलेला (सॉकेटच्या फटीत दाबून बसवलेला) सांधा काळाने सैल होतो. लॅपटॉपवर नेट चालतंय हा पुरावा धरू नका. कमी अंतरावर नेट जवळजवळ कशावरही चालतं.

माल साइटवर आला की त्याच दिवशी तपासायचा. ३०५ मीटरच्या २३ गेज (तारेच्या जाडीचं माप) कॅट-६ बॉक्समध्ये नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर असतं, प्लॅस्टिक वेगळं. त्यामुळे अख्खा बॉक्स सात-आठ किलोच भरला तर तो तिथूनच परत पाठवावा. वायर ओढून झाली असेल तर साध्या मल्टिमीटरनेही कळतं. दोन्ही टोकं उपकरणांपासून सोडवा, एका टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळा आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. ५० मीटरच्या वायरीला २३ गेज तांब्यात साधारण ६.७ ओहम यायला हवेत. मानकाची मर्यादा सुमारे ९.४. त्याच जाडीच्या सीसीएमध्ये आकडा दहाच्या पुढे जातो. मीटरच्या प्रोबचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी वजा करायला विसरू नका.

दुसरी गंमत मापात होती. बिलात सरासरी ४५ मीटर प्रति पॉइंट, म्हणजे ४,३२० मीटर, १५ बॉक्स. पण कव्हरवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. रॅककडचा (सगळ्या वायरी येतात त्या कपाटाकडचा) आणि आयओकडचा आकडा वजा केला की त्या वायरीची लांबी हातात येते. तशी वजाबाकी केल्यावर सरासरी ३६ निघाली: ३,४५६ मीटर, १२ बॉक्समध्ये सहज मावणारी. वेस्टेजच्या नावाखाली तीन बॉक्स कुठे गेले, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

आणि तो फ्ल्यूक रिपोर्ट! अनेक पॉइंटवर नेक्स्टचा (जोड्याजोड्यांमधल्या सिग्नलच्या गळतीचा) हेडरूम, म्हणजे मर्यादेपर्यंत उरलेली जागा, दशांशापर्यंत सारखा. दोन वेगळ्या वायरी इतक्या जुळ्या नसतात. एकाच चांगल्या पॉइंटची चाचणी नावं बदलून पुन्हापुन्हा सेव्ह केली होती. शिवाय टेस्ट लिमिटच्या ओळीत खालच्या दर्जाचं कॅट-५ई होतं, म्हणजे २५० ऐवजी १०० मेगाहर्ट्झपर्यंतच तपासणी. पीडीएफ कोणालाही रंगवता येते, म्हणून टेस्टरमधली मूळ फाइल मागावी आणि लिंकवेअर या फ्ल्यूकच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः उघडावी. लिमिट ‘कॅट-६ परमनंट लिंक’ (रॅकपासून आयओपर्यंतची पक्की वायर) हवं, लांबी ९० मीटरच्या आत हवी, प्रत्येक चाचणीची वेळ वेगळी हवी. पण पास दिसलं म्हणून तांबंच आहे असं समजू नका: छोट्या अंतरावर सीसीएही पास होऊ शकते. रेझिस्टन्सच्या रकान्याला लांबीने भागा. प्रति मीटर ०.१९ ओहमच्या वर गेलं की शंका घ्या.

दोनशे-तीनशे रुपयांचा दिवे लुकलुकणारा टेस्टर फक्त सलगता दाखवतो. जोड्या चुकीच्या फोडल्या असतील, म्हणजे एका जोडीची एक तार दुसऱ्या जोडीच्या जागी दोन्हीकडे सारखीच लावली असेल, तरी तो आठही दिवे हिरवे दाखवतो. वायर कमी पडली म्हणून फॉल्स सीलिंगमध्ये कपलर टाकून लपवलेला जोडही त्याला दिसत नाही. म्हणून सीलिंगच्या टाइल्स बसण्याआधी वर चढून फोटो काढायचे. वायर विजेच्या केबलला समांतर चिकटून गेलेली नसावी, ओलांडायचीच तर काटकोनात; वळण वायरीच्या जाडीच्या किमान चौपट त्रिज्येचं, कॅट-६ला अंदाजे अडीच सेंटिमीटर. पंच करताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडलेला नको. हे शेवटचं पॅच पॅनलच्या (रॅकमधल्या सॉकेटच्या पट्टीच्या) मागे टॉर्च मारली की लगेच दिसतं, आणि घाईत काम केलेल्या माणसाची सहीच असते ती.

या ऑफिसला भरपाई मागणं जड गेलं, कारण वर्क ऑर्डरमध्ये एवढंच होतं: ‘कॅट-६ केबल पुरवठा व लेइंग’. तांबं हा शब्दच नाही. तिथे लिहायला हवं होतं: सॉलिड बेअर कॉपर, २३ गेज, सीसीए चालणार नाही, लांबी कव्हरवरच्या आकड्यांनुसार, संयुक्त मोजणी करून, परमनंट लिंक चाचणी आमच्या माणसासमोर, मूळ टेस्ट फाइल मिळेपर्यंत बिलाचे १० टक्के रोखून. आणि प्रत्येक बॉक्समधून दोन मीटर तुकडा कापून, बॉक्सवरचा लॉट नंबर लिहून, दोघांच्या सहीने कपाटात ठेवायचा.