वागळे इस्टेटमधला 'दाजू सरां'चा भरती वर्ग: मैदानात पैकीच्या पैकी, लेखीत काठावर

किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर या पट्ट्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हा वर्ग माहीत नाही असं होत नाही. चालवणारे गृहस्थ मूळचे नेपाळचे, गोरखा रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता ठाणेकर. भारत, नेपाळ, ब्रिटन यांच्या 1947 च्या त्रिपक्षीय करारापासून नेपाळी तरुण भारतीय लष्करात येत राहिले. 2022 मध्ये लष्करभरतीची अग्निपथ योजना आल्यावर ती वाट थांबली. मुलं त्यांना 'दाजू सर' म्हणतात. दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. नवे पालक 'दाजी' ऐकतात आणि हे नक्की कोणाचे मेहुणे, असं विचारतात.

महिन्याला 300 रुपये. नाका कामगार, घरकाम करणाऱ्या बायका यांच्या मुलांना तेही माफ. पहाटे साडेपाच ते साडेसात, रविवारी फक्त मोजमाप. मैदान मातीचं, चुन्याने आखलेली 200 मीटरची फेरी, आणि ती चाकाने मोजलेली आहे. हे मुद्दाम सांगायचं कारण, अनेक वर्गांत पावलांनी मोजलेली फेरी निघते 180 ची. पोरगा महिनाभर खूश असतो आणि भरतीच्या साकेत मैदानावर पोचल्यावर रडतो.

पोलीस भरतीत मुलांच्या 1600 मीटरला पूर्ण 20 गुण हवेत तर 5 मिनिटं 10 सेकंद. म्हणजे या मैदानावर आठ फेऱ्या, प्रत्येकी 38-39 सेकंद. दाजू सर दर फेरीला शिट्टी मारतात. शिट्टीच्या आधी रेषेवर पोचलेल्यालाही ओरडा बसतो, उशिरा आलेल्यालाही. बरोबरच आहे. पहिली फेरी 33 मध्ये मारणारा पाचव्या फेरीला 45 वर येतो, आणि घालवलेले सेकंद शेवटच्या फेरीत कोणालाच परत मिळत नाहीत. आठवड्यात जोरात पळायचे दिवस दोनच. बाकी दिवशी बोलता येईल इतक्या वेगाने.

नडगीचं दुखणं हा भरतीवाल्यांचा खरा शत्रू. पेव्हर ब्लॉकवर किंवा सर्व्हिस रोडच्या काँक्रीटवर, झिजलेल्या बुटांनी, एका आठवड्यात अंतर दुप्पट केलं की नडगीच्या आतल्या कडेला हाड ठणकायला लागतं. इथे ते दिसलं की पळणं बंद. पायरीच्या कडेवर टाचा उचलून सावकाश खाली सोडायच्या, 15 च्या तीन खेपा. एकाच बिंदूवर बोट दाबून कळ आली तर थेट हाडाच्या डॉक्टरकडे पाठवतात. वेदनाशामक गोळी खाऊन पळणाऱ्याला मैदानाबाहेर काढतात, आणि त्यावर वाद घालत नाहीत.

गोळाफेक हा या वर्गाचा सर्वांत भक्कम भाग. मुलांना 7.260 किलो, मुलींना 4 किलो. गोळा तळहातात नव्हे, बोटांच्या मुळाशी, मानेला चिकटलेला, कोपर खाली पडू द्यायचं नाही. कोपर पडलं की गोळा 'फेकला' जातो, ढकलला जात नाही, आणि खांदा जातो तो वेगळाच. पहिले दोन आठवडे गोळा हातात देतच नाहीत, फक्त मागचा पाय, कंबर, छाती हा क्रम. फेकल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्यातून बाहेर पडायचं, हे रोज घोकून घेतात. चांगली फेक पुढून बाहेर पडल्यामुळे बाद झालेली मुलं दर भरतीत असतात.

अग्निवीरवाल्यांसाठी बीम आहे, म्हणजे लटकून अंग वर ओढायचा आडवा पाइप. सहा ओढी म्हणजे 16 गुण, दहा म्हणजे 40. ज्याला एकही येत नाही त्याला स्टुलावरून वर चढवून पाच मोजत सावकाश खाली उतरायला लावतात. ही पद्धत लटकून हातपाय झाडण्यापेक्षा फार लवकर लागू पडते. पावसाळ्यात पाइप निसरडा होतो. हाताला लावायला कोरडी माती डब्यात ठेवलेली असते.

डोको प्रकाराबद्दल मात्र मतभेद. डोको म्हणजे कपाळावर पट्टा घेऊन पाठीवर वाहायची बांबूची टोपली. ब्रिटिश लष्कराच्या गोरखा निवडीत ती घेऊन चढ पळावा लागतो. इथे पंधरवड्यातून एकदा उपवनहून येऊरच्या चढावर नेतात, तेही उजाडल्यावर, कारण पुढे बिबट्याचं जंगल आहे. वजन दहा किलो, पट्टा खांद्यावर, हे ठीक. पण आपल्याकडच्या कुठल्याच भरतीत हे नाही. मांड्या घट्ट होतात हे खरं, पण गुडघा कुरकुरणाऱ्याने स्पष्ट नाही म्हणावं. सर रागावत नाहीत.

उणिवा आहेत. मुलींसाठी बाई प्रशिक्षक नाही, जवळ स्वच्छतागृह नाही, आणि 800 मीटरवाल्या मुली 1600 च्या मुलांच्या शिट्टीवर पळतात, ते चूक आहे. मुलींचं अंतर निम्मं, वेग वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानाचा चिखल होतो. लेखीची तयारी नावापुरती: 100 गुणांचा पेपर, 90 मिनिटं, आणि दाजू सरांचं मराठी व्याकरण त्यांनाच हसवतं. अंकगणित-बुद्धिमत्तेसाठी दुसरी शिकवणी किंवा अभ्यासिका लावाच. मैदानी परीक्षा 50 गुणांची, लेखी 100 ची. नुसत्या दमावर यादीत नाव येत नाही.

कागदपत्रांत मात्र हा माणूस पक्का. परक्या मुलखात कागदासाठी रांगा लावणाऱ्याला त्याची किंमत कळते. अधिवासासाठी महाराष्ट्रातली 15 वर्षं दाखवावी लागतात, आणि कामामागे फिरणाऱ्या घरांतल्या मुलांच्या शाळाच चार झालेल्या असतात. जुने दाखले आधी गोळा करायला लावतात. नॉन-क्रीमीलेयरची मुदत, आधार आणि दहावीच्या नावातला फरक, वडिलांच्या नावातली एक वेलांटी, सगळं वहीत टिपलेलं.

नाव घालायला रविवारी सातच्या सुमारास जा, मोजमाप पाहता येतं. बूट नसले तरी चालतील, दहावीची गुणपत्रिका मात्र न्या. छाती-उंचीच्या आधी ते तीच मागतात.