हाडांवरच्या अक्षरांचे सहा रविवार

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर प्राचीन चिनी अक्षरांच्या उगमाविषयी सहा रविवारांचा वर्ग झाला आणि मी तो एकही दिवस न चुकवता केला. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ, शुल्क 1,800 रुपये, विद्यार्थी 14. येथे चिनी बोलायला शिकवत नाहीत. अक्षर कोठून आले, त्याचा आकार कसा बदलत गेला आणि त्याच्या पोटात दडलेला म्हणून सांगितला जाणारा अर्थ खरोखर तेथे आहे का, एवढाच अभ्यासाचा विषय आहे. मी 27 वर्षे शाळेत मराठी शिकवले. लोकव्युत्पत्ती किती गोड असते आणि किती सहज खरी वाटते, हे मला चांगले ठाऊक असल्यामुळे येथेही नुसत्या गोष्टीच ऐकायला मिळतील, अशी धास्ती घेऊन मी गेलो होतो. शिकवणाऱ्या मॅडमनी ती पहिल्याच दिवशी दूर केली.

त्यांनी टेबलावर कासवाच्या पोटाकडच्या कवचाची प्लास्टरची प्रतिकृती ठेवली आणि ती हातोहात फिरवायला दिली. मागच्या बाजूला ओळीने कोरलेले लंबगोल खळगे बोटांना जाणवत होते. चीनमधल्या शांग राजवटीच्या अखेरच्या काळात, म्हणजे सुमारे 3,200 वर्षांपूर्वी, या खळग्यांना चटका देत, त्यामुळे पुढच्या बाजूला तडे जात, आणि त्या तड्यांवरून पाऊस पडेल का, पीक येईल का, राजाची दाढ कशामुळे दुखते आहे, राणीचे बाळंतपण सुखरूप होईल का, याचा कौल घेतला जाई. देवाला कौल लावणे आपल्याला नवे नाही. पण तेथे प्रश्न आणि कधी कधी निकालही त्याच कवचावर किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडावर कोरून ठेवला जाई. एक उभी रेघ आणि तिच्या कुशीतून निघालेली एक छोटी रेघ, असे 'पू' हे अक्षर आहे. त्याचा अर्थ कौल घेणे, आणि त्याचा आकार म्हणजे त्या तड्याचेच चित्र. मॅडमनी आधी प्रतिकृतीवरचा तडा दाखवला, मग फळ्यावर अक्षर काढले, आणि दोहोंमध्ये एक शब्दही बोलल्या नाहीत. शिकवणे म्हणजे काय, ते मला त्या अर्ध्या मिनिटात पुन्हा दिसले.

हीच हाडे पूर्वी 'ड्रॅगनची हाडे' म्हणून औषधासाठी कुटली जात होती. 1899 मध्ये वांग यीरोंग या विद्वानाने त्यांवरची लिपी ओळखली, 1928 मध्ये आनयांग येथे शास्त्रीय उत्खनन सुरू झाले, आणि आजवर सुमारे दीड लाख तुकडे मिळाले आहेत. त्यांवरच्या साडेचार हजारांच्या घरातल्या चिन्हांपैकी जेमतेम एक तृतीयांश चिन्हांचा नीट उलगडा झाला आहे.

वर्गाचे खरे बळ मला तिसऱ्या रविवारी कळले. विषय होता 'तुंग', म्हणजे पूर्व. माओ त्से-तुंग या नावातला तुंग तो हाच. श्यू शन या कोशकाराने इ.स. 100 मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या कोशात 9,353 अक्षरे 540 गटांत लावली, आणि या अक्षराचा उलगडा 'झाडात असलेला सूर्य' असा दिला. जुन्या वळणाचे अक्षर पाहिले की हे लगेच पटते, आणि अंबाझरी तलावाच्या काठी पहाटे फिरणाऱ्या माणसाला तर ते चित्र डोळ्यांसमोरच उभे राहते. मॅडमनी आम्हाला ते आवडू दिले, आणि मग हाडांवरचे रूप काढले. तेथे झाडही नव्हते आणि सूर्यही नव्हता. दोन्ही टोके दोरीने आवळलेले एक पोते होते. हे चिन्ह निव्वळ उच्चार जुळत होता म्हणून पूर्व दिशेसाठी उसने घेतले गेले, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. श्यू शनला दोष देता येत नाही, कारण त्याच्या काळात ही हाडे जमिनीखाली होती. 'येणे' या अर्थाचे 'लाय' हे अक्षरही असेच मुळात गव्हाच्या रोपाचे चित्र आहे.

काटोलकडे बाग असलेल्या एका सहाध्यायांनी विचारले, "मॅडम, संत्रं कसं लिहितात?" उत्तर पुढचा तासभर पुरले. 'च्यू' या अक्षरात डावीकडे झाड आहे आणि उजवीकडचा भाग फक्त उच्चार सुचवतो. बहुसंख्य चिनी अक्षरे अशीच अर्थाचा एक तुकडा आणि ध्वनीचा एक तुकडा जोडून घडली आहेत. आईसाठीच्या अक्षरात स्त्रीशेजारी घोडा येतो तो केवळ 'मा' या उच्चारासाठी. संत्र्याच्या रोजच्या वापरातल्या सोप्या रूपात मात्र उजवीकडे 'शुभ' या अर्थाचे अक्षर येते, दक्षिण चीनमधल्या कँटनच्या बोलीत त्या दोन्हींचा उच्चार एकच होतो, आणि म्हणून नववर्षाला तिकडे संत्री शकुनाची मानतात.

पाचव्या रविवारी बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून जन्मलेली अक्षरे आली. 'था' हे अक्षर आपल्या स्तूपासाठी, पालीतल्या 'थूप'साठी, घडवले गेले, आणि त्यात डावीकडे माती आहे. बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या मारासाठीच्या 'मो' या अक्षरात वर उच्चारासाठी ताग आणि खाली भूत आहे. दीक्षाभूमीच्या शहरात हा तास व्हायलाच हवा होता, आणि तो अर्ध्या तासात आटोपला याची मला खंत आहे.

उणिवा आहेत. आयोजकांनी दिलेल्या छापील टिपणाच्या शेवटच्या पानावर 'संकट म्हणजे धोका अधिक संधी' हे व्याख्यानांतून नेहमी ऐकू येणारे वाक्य चौकटीत छापले आहे. संकटासाठीच्या 'वेइची' या चिनी शब्दातला 'वेइ' म्हणजे धोका खरा, पण 'ची' येथे निर्णायक क्षण सांगतो. संधी या अर्थाच्या शब्दात तो येतो, पण एकटा तो संधी होत नाही. जे वर्गात पुराव्यासह खोडले जाते तेच टिपणात छापणे गैर आहे, आणि ते पान काढावे असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे. दुसरी अडचण कुंचल्यांची. 14 जणांत चार कुंचले होते, आणि सरावाला एकच रविवार मिळाला. पातळ कागद फडफडतो म्हणून कूलर बंद करावा लागला, शाई दगडावरच सुकू लागली, आणि माझ्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली. तरीही रेघ कोठे दाबायची आणि कोठे उचलायची हे हाताला कळल्यावर अक्षरांचे आकार वेगळेच दिसू लागले, म्हणूनच हा भाग वाढायला हवा.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. त्यात कुंचल्याचे दोन रविवार असतील आणि प्रत्येकाने आपला कुंचला आणावा, असे मॅडमनी सांगितले आहे. मी पुन्हा नाव नोंदवले आहे.