चेसी प्रिंट तयार होती

मी कनिष्ठ महाविद्यालयात गेली १६ वर्षे भौतिकशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी पहिल्याच प्रात्यक्षिकाला मुलांना बजावतो की, शेजाऱ्याने घेतलेले माप आपल्या वहीत उतरवू नका, व्हर्नियर स्वतःच्या हाताने लावा. जुन्या गाडीच्या ज्या व्यवहारात माझे १,९४,७५० रुपये गेले, त्यात मी नेमके हेच केले नाही. म्हणून हे लिहिताना राग जितका येतो, तितकीच लाजही वाटते.

मला जुनी टाटा २०७ हवी होती. टाटाची ही पिकअप १९८८ साली टाटा मोबाइल या नावाने आली, पुढे सिएरा तिच्याच सांगाड्यावर उभी राहिली, आणि आमच्या पश्चिम महाराष्ट्रात तर द्राक्षापासून दुधाच्या कॅनपर्यंत काय तिच्या हौद्यातून गेले नसेल! माझ्या थोरल्या मामांकडे एक होती. आता बहुतेक गाड्या भंगारात कापल्या गेल्या. एखादी मोडकी गाडी स्वस्तात घ्यावी, रविवारी आणि सुट्टीत स्वतः खपून ती उभी करावी, आणि हे काम शिकत शिकत करावे, एवढीच इच्छा होती. १९९९ ची, पासिंग (परिवहन कार्यालयाचा योग्यता दाखला) संपलेली, दोन वर्षे बंद असलेली गाडी ६८,००० रुपयांना मिळत आहे असे कळले. हा भाव संशय यावा इतका कमी नव्हता, हे आवर्जून सांगतो, कारण ‘स्वस्तात काय मिळते ते कळायला नको का’ हे वाक्य मी आतापर्यंत अनेकदा ऐकले आहे. केबिनची जमीन गंजून चाळण झालेली, हौद्याचे फाळके सडलेले आणि टायर गुळगुळीत झालेले असताना कोण जास्त देणार होते?

नोव्हेंबर २०२४ मधल्या एका रविवारी मी गाडी पाहायला गेलो तो तयारीनेच. पत्र्यावर पुट्टी किती चढवली आहे हे पाहण्यासाठी लोहचुंबक नेले होते. इंजिन चालू करून ऑइलचे झाकण उघडले आणि बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे आतून उलटा येणारा दाब, किती येते ते पाहिले. कमानपाटे मोजले. एमपरिवहन ॲपवर क्रमांक टाकला, तेव्हा गाडीचा प्रकार, नोंदणीचे वर्ष, इंधन हे सगळे आरसी पुस्तकाशी जुळले आणि कर्जाचा बोजाही दिसला नाही. शेवटी चेसी क्रमांक, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, पाहायचा म्हणून मी बॅटरी घेऊन पुढच्या चाकाजवळ वाकलो. तेवढ्यात व्यवहार जुळवणारा एजंट म्हणाला, ‘सर, कशाला अंग मळवताय? चेसी प्रिंट काढून ठेवलीया की.’ आणि त्याने फाइलमधून कागदाची पट्टी काढली, ज्यावर क्रमांकावर पेन्सिल घासून घेतलेला स्वच्छ, ठळक छाप होता. मी तो आरसीशी ताडून पाहिला. अंकाला अंक जुळला. मी उठलो आणि गुडघे झाडले.

ते गुडघे झाडणे मला अजून रात्री आठवते. छाप हा लोखंडाचा असतो खरा, पण कोणत्या लोखंडाचा, हे त्या कागदावर कुठे लिहिलेले असते? विकणाऱ्याने हातात ठेवलेल्या छापावरून एवढेच सिद्ध होते की जगात कुठेतरी त्या क्रमांकाचा एक तुकडा आहे. शिवाय मी वाकलो होतो, मी पाहिले होते. सगळी चेसी तांबेरा चढल्यासारखी गंजलेली आणि फक्त क्रमांकाच्या आजूबाजूला वीतभर जागेवर ताजा काळा रंग! मी विचारलेही. ‘पासिंगला नंबर नीट दिसावा म्हणून रंगवलंय’, असे उत्तर आले, आणि मी मनात म्हटले की माणूस व्यवस्थित दिसतो. रॉकेलने भिजवलेली चिंधी आणि तारेचा ब्रश घेऊन दोन मिनिटे घासले असते तर सगळे तिथेच उघडे पडले असते. ब्रश माझ्या पिशवीत होता. चुंबकाशेजारीच होता.

सही केलेले नमुना २९ आणि ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज, मिळाले, मालकाच्या आधारची झेरॉक्स मिळाली, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर ताबा पावती झाली. नोटरीचा शिक्का फार तर सहीबद्दल काही सांगतो, गाडीबद्दल नाही, हे मला त्या दिवशी सुचले नाही. मालक आजारी असल्याने त्याचा ‘पुतण्या’ आला होता. ५०,००० रुपये रोख दिले आणि १८,००० फोनवरून एजंटच्या खात्यात पाठवले. एजंटचे ४,५०० वेगळे, तेही रोख. गाडी ओढून आणण्याचे ३,८०० झाले. नावावर करण्यापूर्वी पासिंग लागते आणि पासिंगसाठी गाडी चालती हवी, तेव्हा आधी काम करून घ्या, हा एजंटचा सल्ला मला पूर्णपणे पटला, कारण तो अर्धा खरा होता. मालवाहू गाडीचे तसेच असते. पण त्यामुळे गाडी अधिकाऱ्यासमोर जाण्याआधी मधले सहा महिने मिळतात आणि तेवढ्यात फोन बंद करता येतो, हे त्याला ठाऊक होते. प्रत्येक नव्या बिलाला पत्नी एकच प्रश्न विचारत असे, ‘कागद तुमच्या नावावर झाले का?’ मी तिला दरवेळी पासिंगचा नियम समजावून सांगत असे.

इंजिनाचे पूर्ण काम ६१,४०० रुपयांना पडले. चार टायर प्रत्येकी ४,६०० प्रमाणे १८,४०० रुपयांचे. क्लच प्लेट, ब्रेकचे सिलिंडर आणि किरकोळ सामान मिळून १३,६५०. पत्रेकाम आणि रंगासाठी आगाऊ २५,०००. ब्रेकचे काम मी स्वतः केले आणि त्याचा आनंद खोटा नव्हता.

इंजिन उघडून कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे नेले, तेव्हा दुसरी संधी मिळाली होती. तो माप घेऊन म्हणाला, ‘सर, लाईनर-पिस्टन ९७ मिलिमीटरचे लागणार. हे डीआयचं, म्हणजे नंतरच्या २०७ चं इंजिन आहे.’ मी सवयीने बिलाच्या पाठीवर गणित केले. व्यास ९७, स्ट्रोक १००, सिलिंडर चार, म्हणजे २,९५६ घन सेंटीमीटर. आरसीवर लिहिलेले होते १,९४८. हजारभर घन सेंटीमीटरचा फरक माझ्याच हस्ताक्षरात माझ्यासमोर होता! त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. इंजिन क्रमांकाची जागा घासून गुळगुळीत केलेली होती. मी स्वतःची समजूत घातली की जुन्या गाड्यांत इंजिने बदललेली असतातच, पुढे परिवहन कार्यालयात नोंद करून घेऊ. तोवर जवळजवळ ७७,००० रुपये गेले होते, आणि गेलेला पैसा माणसाचे डोळे किती बांधून ठेवतो हे ज्याने अनुभवले नाही त्याने मला हसावे. इंजिन बदलायचे तर परवानगी लागते आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर तिथेच थांबा, कितीही पैसे घातलेले असोत.

एप्रिल २०२५ मध्ये रंगापूर्वी चेसी साफ करताना तो काळा पट्टा निघाला. खाली चारही बाजूंनी वेल्डिंग करून बसवलेला पत्त्याच्या आकाराचा लोखंडी तुकडा होता आणि क्रमांक त्या तुकड्यावर होता. भंगारात निघालेल्या १९९९ च्या गाडीचा तुकडा कापून तो दुसऱ्याच, नंतरच्या २०७ वर डकवला होता. माझ्या दारातली गाडी मूळची कोणाची आहे हे मला आजही माहीत नाही. ॲपने मला खोटे सांगितले नव्हते. त्या क्रमांकाची नोंद खरीच होती. समोर उभी असलेली गाडी तीच आहे का, हे ॲप सांगत नाही, आणि चेसीचा पूर्ण क्रमांक तर ते दाखवतही नाही. वाहन समन्वय या पोर्टलवर चोरीच्या गाड्यांची चौकशी करता येते, पण तिथेही खरा क्रमांक हातात असेल तरच उपयोग.

आरसीवरच्या पत्त्यावर मी गेलो. तिथे सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी भेटले. ‘गुरुजी, ती गाडी मी २०१६ सालीच भंगारवाल्याला दिली की. पुस्तक बी त्यानंच नेलं’, असे ते म्हणाले. नमुना २९ वरची सही त्यांची नव्हती, पुतण्याही त्यांचा नव्हता. गाडी मोडीत काढली की मालकाने १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी त्यांना धीर द्यावा की त्यांनी मला, हे दोघांनाही कळेना. तुमची गाडी भंगारात देणार असाल तर पुस्तक सोबत देऊ नका. नोंदणी रद्द केल्याचा कागद घ्या.

यानंतर सुरू झाली ती कार्यालयांची वारी. पोलीस ठाण्यात आधी सांगितले गेले की हा दिवाणी मामला आहे. सही खोटी, मालक खोटा, चेसी खोटी, आणि मामला दिवाणी! मग सांगितले की पैसे दुसऱ्या तालुक्यात दिले, तिकडे जा. नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही माहिती घेणे बंधनकारक आहे, हे मी नम्रपणे दाखवले. तेव्हा उत्तर मिळाले, ‘सर, तुम्ही शिकवता कुठे, कायद्याच्या कॉलेजात का?’ अखेर तक्रार अर्ज घेतला, गुन्हा मात्र नोंदवला नाही. ६८,००० पैकी लेखी पुरावा १८,००० चाच दिसतो, म्हणून फसवणूक झाली असली तरी ती १८,००० ची आहे, असे गणितही एका हवालदारांनी मांडले. वर प्रेमाने सुचवले की गाडी चोरीची निघाली तर सध्या ती ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच आधी उत्तरे द्यावी लागतील, तेव्हा विचार करा. तक्रारदाराला गप्प करण्याचा याहून सोपा मार्ग नसेल.

परिवहन कार्यालयात म्हणाले की फिर्यादीची प्रत आणा, मग आम्ही तपासणी करू. पोलीस म्हणाले की परिवहन कार्यालयाचा अहवाल आणा, मग आम्ही फिर्याद घेऊ. तिसऱ्या खेपेस निरीक्षकांनी सांगितले की वाहन प्रत्यक्ष सादर करा. पासिंग नसलेले वाहन रस्त्यावर आणले तर दंड, आणि सादर केले तर जप्ती, हेही त्यांनीच सांगितले. सायबर मदतीच्या १९३० क्रमांकावर फोन केला. प्रत्यक्ष भेटून केलेला व्यवहार असल्याने तो आमच्याकडे येत नाही, असे कळले. ग्राहक आयोगाबद्दल वकिलांनी समजावले की एका खाजगी माणसाने दुसऱ्याला एकदा विकलेल्या वस्तूसाठी तिथे उभे राहणे कठीण आहे. सगळ्यात संताप याचा येतो की इंजिनावरचा घासलेला क्रमांक परत मिळवण्याची शक्यता आहे. अंक ठोकताना खालचा धातूही दबतो, आणि वरचा थर घासला तरी योग्य आम्ल लावल्यावर तो दाब पुन्हा उमटू शकतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत हे काम होते, हे मी वर्गात शिकवतो. पण नमुना पाठवायचा अधिकार पोलिसांचा, आणि त्यांना गुन्हाच दिसत नाही. पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवून झाला, आता वकिलांनी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज दाखल केला आहे. माझ्याकडे आजवरच्या ११ अर्जांच्या प्रती आहेत आणि त्यांपैकी चारांवरच पोहोच आहे. शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

जो एजंट ‘मालक आजारी आहेत’ म्हणतो, त्याला सांगा की मी त्यांना भेटायला दवाखान्यात येतो. रोख रक्कम देऊच नका, आणि दिलीच तर रकमेची पावती मालकाच्याच सहीने घ्या. चेसी प्रिंट स्वतः घ्या, स्वतःची पेन्सिल न्या. आधी क्रमांकाची जागा घासून चारही बाजूंनी बोट फिरवा.

गाडी सध्या चुलतभावाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली आहे. बॅटरी काढून ठेवली आहे. रस्त्यावर काढता येत नाही, विकता येत नाही, आणि पुरावा असल्याने मोडीतही घालता येत नाही. महाविद्यालयात सहकारी विचारतात, ‘सर, गाडी कधी दाखवणार?’ मी अजून त्यांना सांगतो की रंग राहिला आहे.